‘इम्युनिटी वाढव’ म्हणू नका, प्लीज!

टीवायला होते तेव्हाची गोष्ट. पाचव्या सेमिस्टरची परीक्षा आठवड्यावर आली होती. सकाळी उठले तर उजव्या कोपराच्या घडीत आठ-दहा बारीक फोड. सगळे एकाच मापाचे, जणू कोणी मोहरी पेरून ठेवलीय. मला लहानपणापासून इसब आहे, म्हणजे एक्झिमा. थंडी सुरू झाली की कोपर, मान आणि गुडघ्यामागची त्वचा कोरडी पडते, लाल होते, रात्रभर खाजते. त्यामुळे त्वचेचं काहीतरी बिनसणं ही माझ्यासाठी बातमीच नव्हती. परीक्षेचा ताण, दुसरं काय, असं म्हणून मी नोट्स उघडल्या.

संध्याकाळपर्यंत फोड मानेवर आले. दुसऱ्या दिवशी गालावर. अंगात ताप. मग जे प्रत्येक मराठी घरात होतं ते सुरू झालं, म्हणजे फोन.

आई म्हणाली, “बाहेरचं खाणं बंद कर आधी.” आजीने मागून आवाज दिला, “नागीण उठलीय ती. गेरू लाव, आणि विळखा पूर्ण होऊ देऊ नको.” आत्याचा व्हॉट्सॲप कॉल आला, “अगं, तुझी इम्युनिटीच मुळात कमी. काढा घे, च्यवनप्राश घे, इम्युनिटी वाढव.” कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांनी लांबूनच बघितलं आणि एक ट्यूब पुढे सरकवली. “हे लाव. फंगस, खाज, इन्फेक्शन, सगळ्याला चालतं.” चिठ्ठी विचारली नाही. मीही आणली नव्हती.

मी दोन्ही केलं. काढा प्यायले आणि ट्यूब लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी उजवी पापणी सुजून अर्धी मिटलेली होती. रूममेटने रिक्षा बोलावली आणि मला जवळच्या हॉस्पिटलच्या ओपीडीत नेऊन बसवलं.

तिथल्या रेसिडेंट डॉक्टर माझ्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी फोडांकडे बघितलं आणि एकच प्रश्न विचारला.

“खाजतंय की दुखतंय?”

मी पहिल्यांदाच विचार केला. मला आयुष्यभर खाज माहिती होती. हे वेगळं होतं. “दुखतंय,” मी म्हणाले. “आग होतेय.”

त्या उठल्या आणि सीनियरना बोलवायला गेल्या. त्याच दिवशी मी ॲडमिट झाले, सलाईनमधून औषध सुरू झालं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी येऊन डोळा तपासला. डोळा वाचला. एक पेपर बुडाला. आणि एक शब्द कळला, जो मी वीस वर्षं इसब सांभाळूनही कधी ऐकला नव्हता: एक्झिमा हर्पेटिकम.

ओठावरचा फोड आणि माझी रूममेट

एक्झिमा हर्पेटिकम म्हणजे इसब असलेल्या त्वचेवर हर्पिसच्या विषाणूचा पसरलेला संसर्ग. हर्पिस म्हटलं की आपल्याकडे भुवया वर जातात, म्हणून आधीच सांगते. बहुतेक वेळा यामागे असतो तो एचएसव्ही-१, म्हणजे तापानंतर ओठाच्या कडेला जे फोड येतात ना, त्यांचा विषाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या ५० वर्षांखालच्या सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या शरीरात हा विषाणू असतो. अनेकांना तो लहानपणीच मिळतो, कुणाच्या तरी पापीतून. मग तो मज्जातंतूंच्या गाठीत झोपून राहतो आणि ताण, ताप, ऊन असं काही निमित्त मिळालं की वर येतो. बहुतेकांना चार दिवस ओठ दुखतो, खपली धरते, विषय संपतो.

माझ्या रूममेटला त्याआधीच्या आठवड्यात असाच फोड आला होता. आमचा लिप बाम एक, टॉवेल अदलाबदल चालूच. तिने ओपीडीतच दोन आणि दोन चार केले आणि रडायला लागली. मी तिला तेव्हाही सांगितलं, आजही सांगते: दोन तृतीयांश जगाकडे असलेल्या गोष्टीसाठी एका मुलीला दोष द्यायचा नसतो. शिवाय तो तिच्याकडूनच आला की माझ्याच शरीरात झोपलेला जागा झाला, हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही.

हा आजार नवा नाही. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ मोरिट्झ कापोसी यांनी १८८७ साली त्याचं वर्णन करून ठेवलंय. तेव्हा विषाणू कोणी पाहिलेला नव्हता आणि त्यावर औषधही नव्हतं. हा आजार माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावण्याचं कारण ठरायचा. आजीची ‘नागीण’ मात्र अगदीच चुकीची नव्हती बरं का. नागीण होते कांजण्यांच्या विषाणूमुळे, आणि तो हर्पिसच्याच घराण्यातला. म्हणजे आजी आडनावापर्यंत बरोबर पोचली होती, नाव तेवढं चुकलं. विळखा पूर्ण झाला की माणूस जातो, हे मात्र नागिणीच्या बाबतीतही खरं नाही.

इसब असलेल्या प्रत्येकाला हे होतं का? नाही. शंभरातल्या तिघांपेक्षाही कमी लोकांना होतं. पण इसब असलेल्यांची संख्या बघता हा आकडा छोटा नाही, आणि ज्याला होतं त्याच्यासाठी एक-एक दिवस महत्त्वाचा असतो. माझे त्यातले दोन दिवस ‘इम्युनिटी वाढवण्यात’ गेले. म्हणून माझं भांडण त्या वाक्याशी आहे.

अकरा जण लेग साइडला

कोविडच्या काळात ‘इम्युनिटी’ हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला की ती मोबाइलच्या बॅटरीसारखी काहीतरी गोष्ट आहे असं आपल्याला वाटायला लागलं. कोणाची ८० टक्के, कोणाची २० टक्के. कमी झाली की चार्ज करायची. सर्दी झाली, इम्युनिटी कमी. पुटकुळी आली, इम्युनिटी कमी. दुकानात बिस्किटापासून ज्यूसपर्यंत सगळं ‘बूस्टर’ झालं.

पण इसब असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती झोपलेली नसते. ती दिवसरात्र काम करत असते. माझी लाल, सुजलेली, खाजणारी त्वचा हा तिच्याच कामाचा पुरावा आहे. ती कमी काम करते हा प्रश्न नाहीच, ती भलतीकडे बघत काम करते हा आहे.

क्रिकेटमध्ये बघा. कॅप्टनने सगळे फिल्डर लेग साइडला लावून ठेवलेत आणि बॅट्समन आरामात ऑफ साइडला चौकार मारतोय. अशा वेळी प्रेक्षकांतून कोणी ओरडलं, “अजून एक खेळाडू घ्या,” तर उपयोग काय? तोही लेग साइडलाच जाऊन उभा राहणार. फील्ड बदलायला हवी.

आता याचं शास्त्र सांगते. घाबरू नका, मीही मास कॉमचीच आहे. आपल्या रक्तात टी-हेल्पर नावाच्या पेशी असतात. त्या संरक्षणाची दिशा ठरवतात. ढोबळमानाने त्यांचे दोन गट समजा. एक टीएच-१, जो पेशींच्या आत शिरणाऱ्या विषाणूंविरुद्ध फौज उभी करतो. त्याचं मुख्य हत्यार म्हणजे इंटरफेरॉन-गॅमा नावाचा संदेश. दुसरा टीएच-२, जो मुळात जंतांसारख्या परजीवींसाठी आहे आणि ॲलर्जीत हाच उसळतो. त्याचे संदेश म्हणजे इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३. इसबात हा दुसरा गट मोठमोठ्याने ओरडत असतो, आणि त्याच्या आवाजात पहिल्याचा आवाज दबतो. ज्यांना एक्झिमा हर्पेटिकम होऊन गेलाय अशा लोकांच्या रक्तपेशींसमोर संशोधकांनी हर्पिसचा विषाणू ठेवून पाहिला, तेव्हा त्या पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा कमी तयार केलं. समोर खरा चोर उभा, आणि शिट्टी हळू वाजतेय.

त्यात भिंतीलाही भेगा. त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवायला फिलाग्रिन नावाचं प्रथिन लागतं. त्याच्या जनुकातल्या दोषांमुळे इसबाची शक्यता खूप वाढते, हे स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या आयर्विन मॅक्लीन यांच्या गटाने २००६ साली दाखवलं. भिंत सच्छिद्र झाली की पाणी बाहेर जातं आणि नको ते आत येतं.

पण नुसती भिंत फुटली म्हणून विषाणू घुसला, असं म्हणायला एक अडचण आहे. सोरायसिसमध्येही त्वचा फुटलेलीच असते. मग त्या लोकांना असे संसर्ग इतके का होत नाहीत? या प्रश्नाचं उत्तर २००२ साली अमेरिकेतल्या संशोधकांना सापडलं. आपली त्वचा स्वतःची जंतुनाशकं बनवते. कॅथेलिसिडिन आणि डिफेन्सिन ही त्यांची नावं. सोरायसिसच्या त्वचेत ती भरपूर मिळाली, इसबाच्या त्वचेत खूपच कमी. आणि ती कमी का? कारण तेच ते ओरडणारे संदेश, इंटरल्युकिन-४ आणि १३, त्यांचं उत्पादन दाबून टाकतात. वर इसबाच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचे जिवाणू ठाण मांडून असतात. त्यांची विषंही विषाणूचं काम सोपं करतात. उरलेलं काम आपली नखं करतात.

म्हणजे माझ्या शरीरात फौज होती, दारूगोळा होता, जोशही होता. नकाशा तेवढा चुकीचा होता. अशा फौजेला “जोर लावा” म्हणून काय होणार?

आजीच्या दंडावरची खूण

सुट्टीत लातूरला गेले तेव्हा आजीला हे सगळं समजावत होते. तिच्या दंडावर देवीच्या लशीची ती गोल खूण आहे, आपल्या सगळ्यांच्या आजी-आजोबांच्या दंडावर असते तशी. लहानपणी मी त्या खुणेवर बोट फिरवत बसायचे. तेव्हा मला माहीत नव्हतं की त्या लशीचा आणि माझ्या इसबाचाही एक जुना हिशोब आहे.

देवीची लस भारतात पहिल्यांदा टोचली गेली ती आपल्या मुंबईत, १४ जून १८०२ रोजी. ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पुढे या लशीने देवीचा रोग जगातून हद्दपार केला. माणुसकीच्या इतिहासात इतकं मोठं काम फार थोड्या गोष्टींनी केलंय. पण या लशीत एक जिवंत विषाणू असतो, व्हॅक्सिनिया. निरोगी माणसाच्या दंडावर तो एक फोड उठवून थांबतो. इसब असलेल्या त्वचेवर मात्र तो न थांबता अंगभर पसरू शकतो. त्याला एक्झिमा व्हॅक्सिनेटम म्हणतात. लस स्वतः घ्यायचीही गरज नाही, घरातल्या कुणी घेतलेली असली तरी पुरते.

२००७ साली अमेरिकेत नेमकं हेच घडलं. देवीचा रोग संपून तीन दशकं होत आली होती, पण जैविक हल्ल्याच्या भीतीने तिथल्या सैनिकांना ती लस पुन्हा दिली जात होती. एका सैनिकाने लस घेतली आणि तो घरी कुटुंबाला भेटायला आला. त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला तीव्र इसब होतं. काही दिवसांत बाळाच्या अंगावर फोड पसरले आणि ते अत्यवस्थ झालं. शिकागोतल्या डॉक्टरांनी त्याला अँटिबॉडीज दिल्या आणि तेव्हा प्रयोगावस्थेत असलेलं एक विषाणूविरोधी औषधही दिलं. बाळ वाचलं. तेच औषध, टेकोव्हिरिमॅट, पुढे २०१८ मध्ये अमेरिकेत देवीवरचं औषध म्हणून मंजूर झालं.

वडिलांना जो विषाणू दंडावर एक फोड देऊन गेला, तोच मुलाच्या जिवावर उठला. विषाणू तोच, घरही तेच, फरक फक्त त्वचेतल्या फील्ड-सेटिंगचा.

आणि अजून एक गोष्ट, जी मला पत्रकारितेची विद्यार्थिनी म्हणून सतावते. इसब आणि विषाणू यांच्या नात्यावर जे मोठं संशोधन झालं, त्याला बळ कशामुळे मिळालं? अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने २००४ मध्ये त्यासाठी संशोधकांचं खास जाळं उभं केलं, कारण देवीची लस पुन्हा द्यायची वेळ आली तर इसबवाल्यांचं काय करायचं, ही चिंता होती. रात्र रात्र खाजवत बसलेल्या लोकांची कीव पुरेशी नव्हती, बॉम्बची भीती लागली. ‘खाजच तर आहे’ ही वृत्ती फक्त आपल्या मेसच्या टेबलावरच नसते.

दाबल्यावर संसर्ग घटला!

‘इम्युनिटी वाढव’वाल्यांसाठी माझा हुकमाचा एक्का आता काढते.

२०१७ साली अमेरिकेत इसबासाठी डुपिलुमॅब नावाचं इंजेक्शन मंजूर झालं. ते करतं काय? इंटरल्युकिन-४ आणि १३ यांचे संदेश अडवतं. म्हणजे प्रतिकारशक्तीचा एक भाग चक्क दाबतं. बॅटरीच्या हिशोबाने या लोकांना संसर्ग जास्त व्हायला हवेत. चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा उलटं दिसलं. त्वचेचे जिवाणूंचे संसर्ग कमी झाले होते आणि एक्झिमा हर्पेटिकमचं प्रमाणही कमी होतं. ओरडणारा गप्प बसला, की बाकीच्यांना काम करता आलं.

याच्या उलट उदाहरणही आहे. इसबावर जेएके इनहिबिटर नावाच्या गोळ्या आल्या. त्याही गुणकारी आहेत, पण त्या विषाणूविरोधी संदेशसुद्धा कमी करतात. त्या घेणाऱ्यांमध्ये हर्पिसचे त्रास वाढलेले दिसले. दोन्ही औषधं प्रतिकारशक्ती ‘कमी’च करतात, तरी परिणाम वेगळे. कारण कुठलं बटण दाबलं, यावर सगळं अवलंबून आहे.

डुपिलुमॅबची किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली नाही आणि प्रत्येकाला ते लागतही नाही, हे मला माहीत आहे. मी औषधाची जाहिरात करत नाहीये. ‘वाढव’ आणि ‘कमी’ या दोन शब्दांत प्रतिकारशक्ती मावत नाही, याचा हा सगळ्यात सरळ पुरावा आहे, म्हणून सांगतेय.

मला सलाईनमधून दिलेल्या ॲसायक्लोव्हिरची गोष्टही अशीच नेम धरण्याची आहे. हे औषध निरोगी पेशीत जवळपास निवांत असतं. विषाणूने ताबा घेतलेल्या पेशीत विषाणूचंच एक विकर त्याला जागं करतं, आणि मग ते विषाणूच्या प्रती बनणं थांबवतं. चोराच्याच किल्लीने चोराला कोंडायचं. अशी औषधं घडवण्याच्या पद्धतीसाठी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल विभागून मिळालं. पण हे औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं. म्हणूनच ‘दोन दिवस काढा घेऊन बघू’ हे वाक्य निरुपद्रवी नाही.

ट्यूबचं काय?

आता त्या मेडिकलवाल्या काकांच्या ट्यूबबद्दल, कारण इथे गोंधळ व्हायला नको.

त्या ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी मिसळ होती. तीत हर्पिसवर काम करणारं काहीच नव्हतं. थोडी आग कमी झाली आणि मला वाटलं बरं होतंय. आत विषाणूला मात्र अजून दोन दिवस मिळाले. आपल्याकडे अशा ट्यूब नायट्यापासून गोरं होण्यापर्यंत सगळ्यासाठी चोपडल्या जातात. त्वचारोगतज्ज्ञांची संघटना याविरुद्ध वर्षानुवर्षं बोलतेय. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियमही केला. नियम कागदावर आहे, ट्यूब काउंटरवर आहे. आणि काउंटरच्या अलीकडे आपण उभे आहोत, चिठ्ठी न घेता. तेव्हा सगळा दोष काकांवर ढकलून मी मोकळी होणार नाही.

पण म्हणून ‘स्टिरॉइड म्हणजे विष’ असं समजून डॉक्टरांनी दिलेलं क्रीम फेकून देऊ नका. ही चूकही मी शाळेत असताना करून बसलेय. एक्झिमा हर्पेटिकमचा धोका इसब तीव्र आणि मोकाट असताना जास्त असतो. डॉक्टरांनी सांगितलेलं क्रीम, सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावणं आणि रोज न चुकता मॉइश्चरायझर लावणं, ही भिंतीची डागडुजी आहे. कंटाळवाणी आहे, इन्स्टावर टाकण्यासारखी नाही. पण ‘बूस्टर’ शोधत असाल तर त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच.

आणि फक्त हर्पिसच नाही. मोलस्कमचे मोत्यासारखे फोड इसबवाल्या मुलांमध्ये जास्त पसरतात. लहान मुलांना होणाऱ्या हात-पाय-तोंडाच्या आजाराचा कॉक्ससॅकी विषाणूही इसबाच्या चट्ट्यांवर जोरात उठतो. घरात भाचा-पुतणी असेल आणि तिला इसब असेल, तर हे ताईला, वहिनीला सांगून ठेवा.

तुम्ही काय करू शकता?

इसब असलेल्यांनो, एवढंच पाठ करा. नेहमीची खाज जाऊन दुखणं, आग सुरू झाली, एकसारखे बारीक फोड घोळक्याने आले, ते फुटून टाचणीने कोरल्यासारख्या गोल जखमा राहिल्या, सोबत ताप आला, गाठी सुजल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर. डोळ्याजवळ असेल तर तासाचाही उशीर नको. आणि ओपीडीत गेल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा: “मला इसब आहे, आणि हे नेहमीसारखं नाहीये.”

ओठावर फोड येणाऱ्यांनो, तुम्ही गुन्हेगार नाही. फोड असेपर्यंत लिप बाम, टॉवेल, बाटली वेगळी ठेवा आणि पापी घेणं टाळा, विशेषतः तान्ह्या बाळांची. बस्स.

आणि बाकी सगळ्यांनो. होस्टेलवर, जिममध्ये, लोकलमध्ये कुणाच्या मानेवर चट्टे दिसले तर बाजूला सरकू नका. इसब पसरत नाही. माझ्या शाळेत खो-खोच्या टीममध्ये कोणी माझ्या जोडीला बसायला तयार नसायचं. तेव्हापासून मी पूर्ण बाह्यांचे ड्रेस घालते. त्या आठवड्यातही घातला होता. कोपराचे फोड पहिल्या दिवशी कुणी पाहिले असते, तर कदाचित कुणीतरी तेव्हाच डॉक्टरकडे ओढत नेलं असतं. पण मीच ते झाकले होते, कारण झाकायची मला सवय लावलेली होती. काढा आणि ट्यूब यांनी माझे दोन दिवस घेतले, असं मी वर लिहिलं. खरं तर त्यांच्याही आधी या बाह्यांनी घेतले.

आत्याचं माझ्यावर प्रेम आहे, म्हणून ती काढा सांगते. आजही तिचा फोन येतो तेव्हा शेवटी ती विचारते, “इम्युनिटी कशी आहे गं?” मी सांगते, “आहे ना भरपूर. फक्त तिला जरा डावं-उजवं कळत नाही.” ती हसते. मग मी तिला तो दुसरा प्रश्न शिकवते, जो तिने, तुम्ही, मेसच्या काकूंनी, सगळ्यांनीच इसबवाल्या माणसाला त्याऐवजी विचारावा असं मला वाटतं. त्या रेसिडेंट डॉक्टरांनी विचारला होता तोच.

खाजतंय की दुखतंय?

आणि उत्तर ‘दुखतंय’ असं आलं, तर काढा उकळत ठेवू नका. रिक्षा बोलवा.